झऱ्याच्या वरचा उतार

वहिनी गेल्याचा निरोप एसटीने आला. पोलादपूरहून महाडला येणाऱ्या सकाळच्या गाडीचा कंडक्टर आमच्या ओळखीचा. त्याने स्टँडवर उतरल्याबरोबर समोरच्या पानवाल्याला सांगितलं आणि पानवाला दुकान तसंच टाकून आमच्या दाराशी आला. "हिरडकोंडची तुमची वहिनी गेली, दादांनी बोलावलंय," एवढंच म्हणाला. मी त्याच्या अंगावर धावून गेले. काय वाटेल ते बोलू नका, म्हटलं, गेल्याच आठवड्यात ती माझ्याशी भांडून गेली आहे! छातीत कळ येते म्हणून मी तिला इथे डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी कष्टाची कामं बंद करायला सांगितली. तिने घरी येऊन चहाचा कप असा आपटला की कान हातात आला. पावसाळ्याआधी ती दरवर्षी उतारावर एक लांबलचक चर खणायची, तो आता कोण खणणार, तुमचा डॉक्टर का, असं मला विचारून ती तरातरा स्टँडवर गेली. मीही तिला थांबवलं नाही. मेली तर मरू दे, असं मनात म्हटलं... माणूस मनात काय काय म्हणतं.

मी तिची नणंद. आमच्याकडे नणंदेने भावजयीला छळायचं असतं, पण आमच्या घरात हा कारभार उलटा होता. अनसावहिनी शिवथरच्या खोऱ्यातली. तिच्या लग्नाच्या वेळी मी परकर-पोलक्यात होते. ती घरात आली त्याच वर्षी एका दुपारी शेजारच्या अंगणात आमचे चुलते दाजिबाकाका काकूला जळाऊ लाकडाने मारत होते. हे नेहमीचंच होतं, आम्ही सगळे आपापल्या कामात होतो. ही नवी सून डोक्यावरचा पदर तसाच ठेवून बाहेर गेली, काकांच्या हातातलं लाकूड हिसकलं, घरात आणलं आणि आमच्या चुलीत घातलं. त्यावर भात शिजला. आईने तिला बोल बोल बोलून घेतलं. ती म्हणाली, लाकूड सुकं होतं, वाया कशाला घालवायचं. दाजिबाकाकांनी ते लाकूड जन्मभर डोक्यात ठेवलं.

आता ती गेली म्हणून तिला सात्त्विक करून टाकायची माझी इच्छा नाही. तिचा हात चालायचा. वाडीतल्या पोरांवर चालायचा, गुरांवर चालायचा, एकदा माझ्यावरही चालला. लग्न होऊन महाडला आल्यावर मी माहेरी गेले की जरा शहरी तोरा दाखवायची. नाचणीची भाकरी नको, पोळी कर, म्हटलं तर तिने काड्‌कन कानाखाली वाजवली आणि मग स्वतःच गूळ काढून भाकरीवर ठेवला. "खा वन्सं, कान दुखायचा राहील," म्हणाली. तिच्या रागाला आणि मायेला वेगवेगळी भांडी नव्हती. मी चिडायची, रडायची, आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा तिच्याकडेच जायची.

हिरडकोंड हे गाव कुडपणच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. वरची वाडी आमची, भाऊबंदांची. खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला बौद्धवाडी. दोन्हींच्या मध्ये एक मोठा उतार, आणि उताराच्या पायथ्याला झरा. झऱ्याला दगडी टाकं बांधलेलं आहे, बौद्धवाडीचं पिणं त्या टाक्यावर. वरच्या वाडीची विहीर वेगळी. उतार बहुतेक आमच्या घराचा, थोडा दाजिबाकाकांचा. दरवर्षी माघ-फाल्गुनात त्यावरची झाडं छाटायची, त्या डहाळ्यांचं कवळ आणि वाळक्या पानांचा पातेरा पसरायचा, शेणाचा थर द्यायचा आणि सगळं जाळायचं. याला राब म्हणतात. त्या राखेत नाचणी-वरी फार चांगली येते, आमच्या आजा-पणजाची पोटं त्यावर भरली. पण मग पाऊस पडला की ती राख, ते शेण, आणि मुळं सुटलेली माती सगळी उतारावरून धावत टाक्यात उतरायची. खालची माणसं पंधरवडाभर लुगड्याच्या चार पदरांतून पाणी गाळायची आणि तरी ते चहाच्या रंगाचं राहायचं. भिवाआप्पा म्हणजे खालच्या वाडीतले वडीलधारे. त्यांचा मुलगा नामदेव शिकलेला, पोलादपूरच्या एका शाळेत शिक्षक. त्याने याबद्दल ग्रामपंचायतीत कितीतरी वेळा अर्ज केले होते. दाजिबाकाका सरपंच. ते म्हणायचे, पाऊस काय मी पाडतो?

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या ज्येष्ठात डोंगरावर असा पाऊस झाला की मागच्या कोणाला आठवेना. त्या साली मुंबईहून आलेल्या पोरांनी हौसेने उतार पार बुंध्यापर्यंत सोलला होता. सकाळी उठून बघतात तो उताराचा एक लचकाच निघालेला. खालचं टाकं चिखलाने भरलं, झऱ्याचं तोंड बुजलं, दोन घरांच्या मागच्या भिंती आत कोसळल्या. माणसं निघाली बाहेर, पण पाणी गेलं. कुणी पऱ्याचं प्यायलं, कुणी चिखलात खड्डा करून त्यातलं. आठवडा गेला नाही तोच वाडीत हगवण सुरू झाली. भिवाआप्पांची नात, नामदेवची मुलगी, त्यात गेली. नुकती चालायला लागली होती. तिला पोलादपूरला न्यायला निघाले, तर रस्ता दरडीने बंद. बापाच्या खांद्यावरच संपली ती...

वहिनी तेव्हा ग्रामपंचायतीची सभासद होती. बायकांची जागा भरायची म्हणून दाजिबाकाकांनीच तिचं नाव घातलं होतं. घरातलीच सून, पदर ओढून बसेल आणि सांगू तिथे सही करेल असा त्यांचा हिशेब. काकांना माणसं ओळखता येत नसत, हे मी त्यांच्या वयाचा मान ठेवून सांगते. मुलगी गेली त्या दिवशी वहिनी खाली गेली होती. ती तिथे काय बोलली, रडली की नाही, मला माहीत नाही. वर येताना टाक्यातला कळशीभर चिखल-पाणी घेऊन आली, आणि पुढच्या मीटिंगला ती कळशी कमरेवर घेऊन गेली. ही हकिकत मला तिथे बसलेल्या दोघा-तिघांनी सांगितली आणि सगळ्यांनी सारखीच सांगितली. तिने कळशी सरपंचांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "मामंजी, प्या." काका म्हणाले, हा काय पोरखेळ आहे. तिने पेला भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. कोणीतरी तिचा हात धरायला उठला, तर पेला त्याच्या तोंडावर गेला. मग ती दारात आडवी बसली आणि म्हणाली, "ठराव झाल्याशिवाय कोनी भायेर जायाचं नाय. जायाचं असंल तर माझ्या अंगावर पाय देऊन जा." सुनेच्या अंगावर पाय देणार कोण! अर्ज नामदेवचा तयारच होता, शब्द सगळे त्याचे. झऱ्याच्या वर, डोंगरातल्या पायवाटेपर्यंत, उतारावर झाड तोडायचं नाही, राब जाळायचा नाही. पायवाटेखाली आडवा चर खणायचा, म्हणजे वरून येणारं पावसाचं पाणी झरा टाळून बाजूने पऱ्यात जाईल. मोडेल त्याला दंड. सगळ्यांनी सह्या केल्या आणि घरी जाऊन अंघोळी केल्या.

लोक म्हणाले, अनशीने दुसऱ्याच्या पाण्यासाठी स्वतःच्या घरातली नाचणी काढून दिली. खरंच होतं ते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा मुंबईत गिरणीत होता. गावच्या मंडळाच्या खोलीत राहायचा. त्याला ही बातमी मंडळाच्या लोकांनी जेवता जेवता ऐकवली. तो ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही, असं तिथला एकजण मला म्हणाला. दादा स्वभावाने गरीब. गावकी म्हणेल ते बरोबर, या एका वाक्यावर त्याचं आयुष्य चाललं होतं. ग्रामपंचायत सरकारची, गावकी आपली... आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं.

त्या शिमग्याला मीही माहेरी होते. पालखी निघायच्या आधी देवळात गावकी बसली. मुंबईचे सगळे आले होते, नवे शर्ट घालून. ठराव ग्रामपंचायतीने केला असेल, आम्ही तो मानत नाही, असं ठरायला वेळ लागला नाही. मग बोलणं वहिनीवर आलं. नवऱ्याने बायकोला आवरावं, नाहीतर घर वाळीत टाकू, असं दाजिबाकाका म्हणाले. आम्ही बायका बाहेर पारावर बसलो होतो. दादा उठला, बाहेर आला. सगळ्यांच्या देखत त्याने वहिनीला झिंज्या धरून पाराखाली ओढलं आणि मारलं. थोबाडीत, पाठीत, खाली पडल्यावर लाथेने. मी ओरडत होते. बाकी कोणीच ओरडत नव्हतं, पुरुष दारात उभे राहून बघत होते आणि माझ्या भावाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो मारत होता. त्या दिवशीचा दादा मला आजही माफ करता येत नाही. वहिनीने हात उचलला नाही, तिच्या मनात असतं तर तिने त्याला उताणा पाडला असता. तो थकून बाजूला झाल्यावर ती उठली, तोंडातलं रक्त थुंकली, पदर सारखा केला.

"झालं तुमचं?" तिने विचारलं. दादाला नव्हे, दारातल्या पुरुषांना. "मंग आता मी बोलते. उतारावर कोयती चालली तर मी तिथं हाय."

आणि ती घरी निघून गेली. संध्याकाळी पालखी निघाली, दारोदार गेली. आमच्या दारात सडा घातलेला होता, रांगोळी होती, ओटीचं ताट तयार होतं. पालखी दारावरून तशीच पुढे गेली. माझा भाऊ उंबऱ्यावर हात जोडून उभा होता. ढोल लांब जाईपर्यंत त्याने हात खाली घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊबंद उतारावर उतरले. दाजिबाकाकांचा मुलगा शंकर सगळ्यांच्या पुढे. कमरेला आकडी, आकडीत कोयती. त्या साली कोणी हात न लावल्यामुळे उतारावर गवत गुडघ्याएवढं वाळून उभं होतं. वहिनी मध्यावर उभी होती, हातात गुरं हाकायची काठी. तिच्या मागे खालच्या वाडीतले नामदेव आणि दहा-पंधरा माणसं, काही बायका. मी वर आमच्या परसात होते, तिथून सगळं दिसत होतं. आधी शिव्या झाल्या. आई-बहिणीच्या झाल्या, मग जातीच्या झाल्या. मग दगड. एक दगड भिवाआप्पांच्या कपाळाला लागला आणि म्हातारा खाली बसला. नामदेव पुढे आला, तशी शंकरने कोयती चालवली. ती नामदेवच्या खांद्यात बसली. सदरा एकदम लाल झाला. वहिनीने काठी फिरवली ती शंकरच्या मनगटावर, कोयती उडाली. दुसरी त्याच्या गुडघ्यावर, तिसरी पाठीत. ती मारतच सुटली होती. शंकर लंगडत, किंचाळत बाजूच्या झाडीतून खाली पळाला. आम्हाला वाटलं, पळाला, संपलं.

तो खाली झऱ्याच्या अंगाला गेला आणि त्याने तिथे गवताला काडी लावली.

शेतकरी नसलेल्यांना यातलं भयंकरपण कळणार नाही. राब नेहमी वरच्या अंगाने पेटवायचा, वाऱ्याच्या उलट. म्हणजे आग मागे सरत सरत, हळूहळू खाली येते, माणूस हातात ओला डहाळा घेऊन तिच्याबरोबर चालू शकतो. आमच्याकडची दहा वर्षांची पोरंही ही चूक करत नाहीत. पण शंकरला उतारावर उभ्या माणसांना जाळून हुसकायचं होतं, आणि रागात तो एवढंच विसरला की ऊन चढल्यावर आमच्याकडचा वारा डोंगर चढतो, आणि वर आपलीच वाडी आहे. आग उठली आणि पळत वर आली. तिचा आवाज मी अजून विसरलेले नाही. वहिनीने खालच्या माणसांना आडवं, पऱ्याच्या दगडांत पळवलं, नामदेवला तिने आणि आणखी एकाने ओढत नेलं. कोयत्या घेतलेले भाऊबंद सरळ वर पळाले, आणि आग त्यांच्या मागोमाग वरच्या वाडीत शिरली. कडेला पेंढ्याच्या उडव्या होत्या, त्या बघता बघता गेल्या. मग दाजिबाकाकांचा गोठा पेटला. आत म्हशी बांधलेल्या होत्या.

फाल्गुनात आमच्या विहिरीत काय असणार? पोहरा तळाला खरवडून नुसता गाळ घेऊन यायचा. त्या वर्षी झरा मात्र उपसून साफ केलेला, टाकं काठोकाठ. खालची माणसं पऱ्यातून फिरून वर आली होती. त्यांच्या बायकांनी हंडे-कळश्या भरून आणल्या होत्या, कोणी सांगितलं नव्हतं. सगळी वाडीच्या सीमेवर येऊन थांबली. भिवाआप्पांच्या कपाळावरचं रक्त दाढीत सुकलेलं. ते दाजिबाकाकांना म्हणाले, "सरपंच, पानी हाय. पन आमच्या हातचं हाय. चालंल का?"

म्हातारा टोमणा मारत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या हातचं पाणी या सीमेच्या आत आलं नव्हतं, तो विचारत होता. आणि दाजिबाकाका... मी तिथे पाच हातांवर होते... ते मागे वळून गावकीच्या माणसांकडे बघायला लागले. गावकीची माणसं एकमेकांकडे. गोठ्यातून म्हशींचं ओरडणं येत होतं, आणि हे सगळे कोण आधी हो म्हणतो त्याची वाट बघत उभे. वहिनी पऱ्यातून वर आली, तिने हे बघितलं, चालत काकांसमोर गेली आणि त्यांच्या मुस्काटात मारली. सुनेने सासऱ्याच्या. मुंडासं उडून धुळीत पडलं. मग मागे वळून ती "आना रे पानी" एवढंच म्हणाली आणि पहिली कळशी तिने भिवाआप्पांच्या हातून घेतली. दुसरी माझ्या भावाने घेतली. त्यानंतर कोण कोणाच्या हातून घेतंय हे कोणी बघितलं नाही.

घरं वाचली. गोठा वाचला नाही. शंकर लंगडत झाडीतून फिरून वर आला, आत घुसला आणि एक म्हैस सोडवून बाहेर आला, त्याचा डावा कान आणि मान भाजून निघाली. बाकीच्या तीन आतच गेल्या. जळतं आढं ओढताना वहिनीचा उजवा हात मनगटापर्यंत होरपळला. संध्याकाळी सगळं थंडावल्यावर वाडीत एक वास होता, त्याबद्दल मी लिहीत नाही.

आता तुम्हाला वाटेल, यानंतर गावाचे डोळे उघडले असतील. गावकी बसली, पण आग कोणी लावली हा विषयच निघाला नाही. नामदेवने खांद्याच्या जखमेची फिर्याद केली, ती तारखांवर तारखा पडत विरून गेली. गावकीपुढे एकच गुन्हा होता, सुनेने वडीलधाऱ्यावर हात टाकला. पालखीपुढे काकांच्या पाया पडायचं आणि दंड भरायचा, नाहीतर घर कायमचं वाळीत. वहिनीने दोन्हीला नकार दिला. मुंबईत मंडळाने दादाची ट्रंक खोलीबाहेर ठेवली. तो बिचारा गिरणीच्या दाराशी एका ओळखीच्या दुकानाच्या फळीवर झोपायला लागला, आणि वर्षभर गावी आला नाही.

तिचा हात बरा झाला, पण बोटं आखडली. मी तिला महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या झऱ्यावर घेऊन गेले, तिथे शेकून आखडलेले सांधे सुटतात म्हणतात. आम्ही दोघी कुंडाच्या कडेला बसलो. तिने हात बुडवला होता, वाफ तोंडावर येत होती. मी म्हटलं, दादाने तुला मारलं तेव्हा तू उलट हात केला नाहीस, मग काकांना का मारलंस? तिने आखडलेली बोटं पाण्यात हलवून बघितली. मग म्हणाली, "तुमचा भाव रडत मारीत व्हता, वन्सं. आनि त्या मामंजीच्या म्हशी वराडत व्हत्या, तरी तो गावाचं तोंड बघीत व्हता." एवढं बोलून तिने पाण्यातला हात उलटा केला. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. दादाला तिने एवढ्या स्वस्तात सोडलं याचा मला आजही राग आहे, आणि आता तो सांगायला ती नाही.

पुढची सगळी वर्षं तशीच गेली. लावणीला तिच्या शेतात वरच्या वाडीतलं कोणी आलं नाही, चक्कीवर तिचं दळण ठेवून घेईनात, बारशाला नाही, लग्नाला नाही. पालखी दरवर्षी दारावरून पुढे. मृगाच्या आधी ती उतारावर जाऊन चर खणायची, खालच्या वाडीतली माणसं तिच्या बरोबरीने. आखडलेल्या बोटांत टिकाव राहायचा नाही म्हणून ती फडक्याने मनगटाला बांधून घ्यायची. गिरण्यांचा संप झाला आणि दादा कायमचा घरी आला. तो घरात बसून तिला ऐकू जाईल असं बडबडायचा, हिच्यापायी देव तुटला, गाव तुटलं, मेल्यावर खांदा द्यायला कुत्रं येणार नाही. ती म्हणायची, खांद्याचं मेल्यावर बघू, आता उठा आणि गुरांना पाणी दाखवा. दादाने त्या चराला एकदाही हात लावला नाही. झऱ्याचं पाणी मात्र भर पावसात नितळ राहायला लागलं. उतारावर झाडी वाढली.

पानवाल्याने निरोप दिला त्या दुपारी मी हिरडकोंडला पोचले तेव्हा ती ओटीवर होती, आणि वरच्या वाडीतली दारं लावलेली होती. पुरुष घरातच होते, खोकले ऐकू येत होते. आमच्याकडे वाळीत टाकणं म्हणजे काय ते या वेळेला कळतं. दादा भिंतीला टेकून बसला होता. तिरडीचे बांबू कोणी तोडायचे? मी अंगणात उभी राहून वाडीच्या नावाने मोठमोठ्याने शिव्या दिल्या. नगरपालिकेत नवरा असलेल्या बाईला न शोभणाऱ्या दिल्या. एकही दार उघडलं नाही. मग पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून नामदेव आणि त्याच्या वाडीतले लोक वर आले, बांबू, सुतळी, मडकं सगळं घेऊन. नामदेवचे केस पांढरे झालेत. तो दादासमोर वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुमची हरकत नसंल तर आमी नेतो." दादाने मान हलवली. एक खांदा दादाचा, बाकी तिन्ही खांदे खालच्या वाडीचे. आम्ही उताराच्या कडेने तिला खाली नेली. शंकर वर त्याच्या परसात उभा होता, अर्ध्या मानेवरची ती गुळगुळीत कातडी उन्हात चमकत होती. तो हलला नाही.

दाजिबाकाका कधीच वारले. गावकीत आता शंकरचा शब्द चालतो. दिवसकार्य आटोपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दोन जाणत्यांना घेऊन आमच्या दारात आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी आतून ऐकत होते. फार गोड बोलत होते. झालं गेलं बाईबरोबर गेलं, म्हणाले. तुझा काय दोष. यंदाच्या शिमग्याला तुझं घर गावात घेतो, पालखी तुझ्या अंगणात नाचवतो. उतार तेवढा मोकळा कर. ठराव जुना झाला, विचारतंय कोण. उतार तुझ्या नावावर, तू हो म्हण, पोरं उद्यापासून तोडायला लागतील.

मला दादाचं उत्तर माहीत होतं. पालखीसाठी हा माणूस इतकी वर्षं झुरला होता. दर शिमग्याला अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, बंद दारामागे उभा राहून ढोल ऐकायचा. त्याचं गेलेलं सगळं परत देत होते ते. मी बाहेर येऊन काही बोलणार, एवढ्यात दादा म्हणाला, "तिला इचारून सांगतो."

तिघे एकमेकांकडे बघायला लागले. एकजण हसला, म्हाताऱ्याचं डोकं गेलंय असं समजून. शंकर म्हणाला, "दादा, ती गेली." दादाने मान हलवली, म्हणजे त्याला माहीत होतं. "हां," तो म्हणाला, "म्हनून वाईच येळ लागंल." आणि तो उठून आत आला.

आमच्या घराला मागचं एक दार आहे, उताराकडे उघडणारं. फाल्गुन लागला की वहिनी ते दिवसभर सताड उघडं ठेवायची आणि स्वयंपाक करतानाही तिचं पीठ मळायचं ताट त्या दाराशी असायचं. उतारावर कोयतीचा आवाज झाला तर ऐकू यावा म्हणून. धूळ येते, कुत्रं शिरतं, म्हणून दादा तिच्यावर रोज खेकसायचा आणि उठून दार लावायचा, आणि ती रोज उठून उघडायची. त्या दिवशी तो आत आला, त्याने मागचं दार उघडलं, ते वाऱ्याने मिटू नये म्हणून खाली दगड लावला, आणि तिथे बसला. मी महाडला निघेपर्यंत तो तिथेच जेवायचा, तिथेच डोळा लागायचा.

परवा शिमगा आहे. पालखी आमच्या दारावरून पुढे जाईल. नामदेवच्या सांगण्यावरून कळलं की दादाने पुढच्या दाराला आतून कडी घातली आहे, आणि तो मागे बसलेला असतो.